डिपर

मंगळवारी संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या नंबरावर चलन, रक्कम २००० रुपये. हाताला माती होती, म्हणून फोन कोपरानंच जवळ ओढला. पण लिंक उघडली नाही. हल्ली खोट्या चलनाचे मेसेज पाठवून लोकांची खाती साफ करणारेही निघालेत. हात धुतले, महाट्रॅफिकच्या ॲपवर जाऊन गाडीचा नंबर टाकला. चलन खरं होतं. ठिकाण बोरघाट, द्रुतगती मार्ग. वेळ सकाळी आठ वाजून चौदा मिनिटं. वेग ८५, मर्यादा ६०.

खाली फोटो होता. आमची पांढरी वॅगनआर, मागून काढलेली. नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती, कारण निघायच्या आदल्या दिवशी मीच ती पुसली होती. मागच्या काचेतून केळीच्या पानांची गुंडाळी दिसत होती आणि पुढच्या सीटच्या वर अण्णांच्या टोपीचं टोक. मामेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला पनवेलला निघालो होतो आम्ही. तिथे फोटोग्राफरनं दोनेकशे फोटो काढले असतील, पण मी, आई आणि अण्णा तिघंही एका चौकटीत असलेला फोटो हाच, शासनानं काढलेला. (आई दिसत नाही. ती पानांच्या मागे आहे.)

पहिली प्रतिक्रिया कुणाचीही असते तीच माझी झाली: शक्यच नाही. दुसरी: सगळेच तेवढ्या वेगानं चालले होते. तिसरी, आणि ही मी मोठ्यानं बोलले: "टोल कशासाठी देतो आपण? लवकर पोचायला. आणि लवकर पोचलो म्हणून परत दंड!" नवरा म्हणाला, "भर आणि विषय संपव." पण विषय पैशांचा नव्हता. म्हणजे पैशांचाही होताच, पण कुणाशी भांडायचं हे कळत नव्हतं, तो खरा त्रास होता.

मामांशी भांडता यायचं. पुण्यात गाडी शिकलेल्या माझ्या पिढीला वाहतूक पोलीस म्हणजे मामा, आणि मामा म्हटलं की नातं आलंच. ते झाडाआड, पुलाच्या खांबामागे, सिग्नलच्या पुढच्या वळणावर उभे असायचे. मी एकोणीस वर्षांची असताना कायनेटिकवर पहिल्यांदा पकडली गेले तेव्हा त्यांनी आधी गाडीची किल्ली काढून घेतली, मग लायसन्स मागितलं, मग "कुठल्या कॉलेजला?" विचारलं. मी रडवेली झाले. "वडील काय करतात?" एसटीत ड्रायव्हर आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "ड्रायव्हरची पोरगी आणि सिग्नल तोडतेस?" एवढं बोलून किल्ली परत दिली. त्या वाक्यानं जितकं लागलं तितकं कुठल्याही पावतीनं लागलं नसतं. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या एका चौकात दुसऱ्या मामांना मी पन्नासची नोट दिली आणि पावती मागितली नाही, हेही इथे लिहायला हवं. त्या मामांनी मागितली होती की मी आधीच पुढे केली, ते आता खरंच आठवत नाही. आठवत नाही हे सोयीचंही आहे.

आता खांब असतो. खांबाला वडील काय करतात याच्याशी देणंघेणं नाही. द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून ही नवी यंत्रणा सुरू झाली. कमानींवर कॅमेरे, वेग मोजणारे, लेन तोडली की टिपणारे, पट्टा लावला नाही तर तेही बघणारे. त्याआधी पोलिसांच्या गाडीत स्पीडगन असायची. ती अदृश्य प्रकाशाचे ठोके गाडीवर मारते, परत येणाऱ्या ठोक्यांच्या वेळेतून अंतर किती भराभर कमी होतंय ते काढते, आणि हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात. पण ती गाडी निदान दिसायची. पुढच्याचे ब्रेकलाइट लागले की आपणही पाय उचलायचा. पुढे गेलं की परत दाबायचा.

ही युक्ती कळून चुकल्यामुळेच आता सरासरी वेगही मोजतात. एका कमानीखालून गेल्याची वेळ, दुसऱ्या कमानीखालून गेल्याची वेळ, मधलं अंतर. दहा किलोमीटरला १०० च्या वेगानं सहा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत पोचलात तर १२० नं आलात, मग कॅमेऱ्यासमोर कितीही सभ्यपणे जा. यावरही उपाय निघालाच. आमच्या सोसायटीतला एक मुलगा दर आठवड्याला मुंबईला जातो. तो म्हणतो, मध्ये फूडमॉलला थांबून वडापाव खायचा, सरासरी आपोआप खाली येते. लवकर पोचण्यासाठी जोरात जायचं आणि जोरात गेल्याचं लपवण्यासाठी थांबून राहायचं. मी त्याला हसले, पण मनातल्या मनात पुढच्या फेरीचा हिशोबही करून झाला होता.

त्या रात्री मी नियम वाचायला बसले. पळवाट शोधत होते, उगाच अभ्यासाचं नाव देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७ अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हायला हवं. आणि पुढे कॅमेऱ्याची नजर आहे हे सांगणारी पाटी ठळक दिसेल अशी हवी. या शेवटच्या वाक्यावर मी बोट ठेवलं. पाटी! घाटात अशी पाटी मला तरी दिसली नव्हती. द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा अंगवळणी पडलेली असते, घाट सुरू होताच ती एकदम ६० होते, आणि माणसाला सांगणार कोण?

पुढच्या महिन्यात साखरपुड्याची भांडी परत करायला गेले तेव्हा मुद्दाम बघत गेले. पाटी होती. एक नव्हे, बऱ्याच होत्या. मर्यादेची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. दुचाकीवरच्या माणसालाही वाचता येईल एवढी मोठी, आणि या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. इतका राग मला चलन आल्यावरही आला नव्हता. निदान तक्रार तरी आपली होती, तीही गेली.

तक्रारी खोट्या असतात असं मात्र अजिबात नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हेल्मेट घातलं नाही म्हणून ५०० रुपयांचं चलन आलं. काकांकडे चारचाकी आहे, दुचाकी त्यांनी दहा वर्षांपूर्वीच विकली. फोटोत कुणीतरी तरुण मुलगा बुलेटवर बसलेला, प्लेटवर तीन की आठ ते नीट दिसत नाही. काकांनी ऑनलाइन तक्रार केली, मग प्रत्यक्ष जाऊन अर्ज दिला, अर्जावर पोच घेतली, पोचची झेरॉक्स काढली, आणि ते चलन अजून त्यांच्या नावावर आहे. येताजाता शेजारी म्हणतात, "काका, गाडीत हेल्मेट घालून बसा." काकांना आता हसू येत नाही. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला तर वर्षभराची चलनं एकदम कळली, गाडी विकायला काढली तेव्हा. नोंदणीतला मोबाइल नंबर जुना, मेसेज जात होते भलत्याच कुणाला. पंधरा दिवसांचा नियम कागदावर पाळला गेला असेलही.

मग लोक वाट बघतात. लोकअदालतीची, सवलतीची. तेलंगणानं २०२२ मध्ये थकलेल्या चलनांवर मोठी सूट दिली, कर्नाटकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली, तेव्हापासून आपल्याकडेही दर तीन महिन्यांनी एक मेसेज फिरतो: थांबा, भरू नका, पन्नास टक्के होणार आहेत. ज्यानं त्याच दिवशी भरलं तो मूर्ख ठरतो. मी तिसऱ्या दिवशी भरलं. शहाणपण म्हणून नव्हे, तो लाल आकडा ॲपवर बघवेना म्हणून.

अण्णांना मात्र सांगितलं नव्हतं. अण्णा एकतीस वर्षं एसटीत होते. बरीच वर्षं जुन्या हायवेनं मुंबईकडची गाडी चालवली, द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. बोरघाट त्यांनी धुक्यात, पावसात, दरड कोसळलेली असताना उतरलाय. त्यांच्यासमोर बोरघाटातलं चलन म्हणजे देवळात चप्पल घालून गेल्यासारखं. शेवटी आईनंच चहा गाळताना फोडलं. अण्णा फोटो बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टोपी बरी दिसतीय."

"तुम्ही शेजारी बसला होतात. एका शब्दानं बोलला नाहीत?"

"पाय दाबून धरला होता की मी."

खरंच धरला होता. उजवा पाय खालच्या मॅटवर ताठ रोवलेला. मला वाटलं होतं गुडघा दुखतोय. ते ब्रेक मारत होते. समोर पेडल नव्हतं एवढंच.

त्यांना मी आकडेमोड सांगितली. ६० आणि ८५ मध्ये पंचवीसचाच फरक दिसतो, पण गाडीच्या अंगातला जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ८५ ला तो ६० च्या दुप्पट होतो. थांबवायचं म्हटलं तर ब्रेकनं दुप्पट गिळायचं. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना वर्ग आणि घात कळत नाहीत, पण ब्रेकच्या तापलेल्या लायनरचा वास कळतो. जळकट, थोडासा केस जळाल्यासारखा. तो वास आला की गाडी बाजूला घ्यायची, चाकाजवळ हात नेऊन बघायचा, पाणी मारायचं नाही, प्रवासी ओरडले तरी ओरडू द्यायचे. आणि तो येऊच नये म्हणून त्यांचा एकच नियम, मला गाडी शिकवतानाही सांगितलेला: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. डिझेलचा हिशोब एसटीतही विचारला जायचा, तरी डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्याला अण्णा ड्रायव्हर मानायचेच नाहीत.

"आम्हाला कुठं कॅमेरा होता," ते म्हणाले. "शिंग्रोबा होता."

बोरघाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं ठाणं आहे. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवल्याचं बक्षीस म्हणून जीव गमावलेला, अशी त्याची गोष्ट. ड्रायव्हर मंडळी तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. अण्णाही टाकायचे, खाकी शर्टाच्या डाव्या खिशात त्यासाठी सुट्टे ठेवलेले असायचे. मी लहानपणी पुढच्या सीटवर बसून हे पाहिलंय. नाणं टाकायचं म्हणजे वेग तोडावाच लागतो, गिअर खाली घ्यावा लागतो, काच उघडावी लागते. नवसासाठी असो की भीतीपोटी, त्या जागी प्रत्येक गाडी हळू व्हायची. २००० रुपये भरताना मला ते चार आणे आठवले. फरक एवढाच की शिंग्रोबाला पैसे देताना कुणी चिडलेलं मी पाहिलं नाही.

अण्णांची दुसरी आठवण डिपरची. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानं दिवे दोनदा मिचकावले की आपण सावध व्हायचं. आमच्या पिढीला त्याचा एकच अर्थ ठाऊक: पुढे मामा आहेत. अनोळखी माणूस, परत कधी भेटणार नाही, तरी आपले पैसे वाचवतो. मी अशा कितीतरी डिपरांना हात वर करून दाद दिलीय आणि स्वतःही मारलेत, भोरच्या रस्त्यावर तर हटकून. अण्णा म्हणतात, "आमच्या वेळी डिपर म्हणजे पुढं गुरं आहेत, नाहीतर झाड पडलंय, नाहीतर कुणीतरी पलटी झालंय." पोलिसांसाठी मारायचा नाहीत का? "मारायचो," ते जरा थांबून म्हणाले, "पण नंतर नंतर." आता डिपरचं काम फोननं घेतलंय. नकाशातली बाई पुढे कॅमेरा आहे म्हणून सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी साडेआठला मेसेज येतो: "भुमकर चौकाखाली उभे आहेत, हेल्मेट घाला रे." खाली हात जोडलेले सतरा इमोजी.

आम्ही नऱ्ह्याला राहतो. गॅलरीतून बायपासचे दिवे दिसतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भुमकर चौक आणि मग नवले पूल, हा सगळा उतार. साताऱ्याकडून भरून येणाऱ्या ट्रकांनी इथे काय काय केलंय ते पुण्यात कुणाला सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ ला, रविवारी रात्री, एका ट्रकनं ४८ गाड्यांचं नुकसान केलं. चालकानं उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी कंटेनर असाच सुटला, पुढच्या जड गाडीच्या आणि त्याच्या मध्ये एक कार सापडली, आग लागली. आठ माणसं गेली. आम्ही गॅलरीतून धूर पाहिला आणि ग्रुपवर ज्याची त्याची हजेरी घेत बसलो. कोण घरी पोचलंय, कोण अजून नाही. एकाचा फोन लागेना. तो चाळीस मिनिटांनी लागला, बॅटरी संपली होती.

त्या उतारावर मर्यादेचे आकडे खाली येत गेलेत. ६०, मग ४०, त्या नोव्हेंबरनंतर भुमकर पूल ते नवले पूल तर ३०. आणि मग ग्रुपवर जे सुरू झालं ते मी वाचत होते. तिसाच्या वेगानं हायवेवर सायकलवालाही मागे टाकेल. आम्ही रोजचे, आम्हाला रस्ता माहीत आहे. सर्व्हिस रोड आधी पूर्ण करा. उतार कमी करा. ट्रक अडवा, आम्हाला काय धरता? यातली अर्धी वाक्यं माझीच होती. ती मी आजही मागे घेणार नाही, सर्व्हिस रोडचं तर नाहीच. सलग, रुंद सर्व्हिस रोड असता तर नऱ्हे-आंबेगावच्या निम्म्या दुचाक्या त्या ट्रकांच्या पुढे आल्याच नसत्या. रस्त्याचा दोष वेगाच्या पाटीवर ढकलला की आकडा बदलायला एक पत्रक पुरतं, उतार बदलायला वर्षं लागतात. पण ज्यांनी धूर पाहिला तीच माणसं पंधरवड्यात ३० च्या पाटीवर विनोद करत होती, आणि त्यात मी होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी किकवीहून परत येत होतो. मी आणि अण्णा दोघंच, मागे हरभऱ्याच्या गड्ड्या. बोगद्यातून बाहेर आलो आणि मी तिसरा गिअर टाकला. अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत. काटा ३८ वर. मी मधल्या लेनमध्ये होते आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होते. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात होत्या. एका कारवाल्यानं जाताजाता माझ्याकडे वळून पाहिलं, बाई चालवतेय याची खात्री करून घ्यायला.

दरी पुलाच्या अलीकडे आरशात दिवे मिचकावले. एकदा, लगेच परत. डिपर मागून येत होता. आरसाभर ट्रकचं नाक दिसत होतं, वरच्या पट्टीवरचे झेंडू मोजता येतील इतकं जवळ. माझा पाय आधी ब्रेकवर गेला आणि तिथेच थिजला. ब्रेक मारला तर तो अंगावर येणार, वेग वाढवला तर पुढे कमान आहे की नाही ते आठवेना. त्या क्षणी मला खरोखर कॅमेऱ्याची आठवण झाली, हे सांगायला लाज वाटते.

"सिग्नल दे. डावीकडं घे," अण्णा म्हणाले. आवाज अगदी रोजचा, मीठ दे म्हणावं तसा.

"पण त्याला थांबायला काय झालं? आपण बरोबर चाललोय!"

"त्याला थांबता येत नसंल."

मी डावीकडे घेतलं. अण्णांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि एसटीतून काढायचे तसा सावकाश पुढे हलवला: जा बाबा. ट्रक गेला. बराच लांब होता, जायला बराच वेळ लागला. त्याच्यामागून उघड्या काचेतून वास आत आला, जळकट, केसांसारखा.

"तापलंय लायनर," अण्णा म्हणाले. त्यांनी काच वर केली नाही. मीही रेडिओ बंद केला. नवले पूल येईपर्यंत आम्ही दोघं पुढच्या अंधाराकडे कान देऊन बसलो होतो.